प्रथिनांची भुकटी : सोयाबीनची की दुधाची ?

मराठवाड्यातील व विदर्भातील पुष्कळ शेतकरी कुटुंबे वर्षातून एकदा सोयाबीन विकतात व दिवसातून दोनदा दूध विकतात. ऑक्टोबरात मळणी झाली की पोती बाजार समितीच्या आवारात जातात आणि सकाळ-संध्याकाळचे दूध संकलन केंद्रावर जाते. अशाच एखाद्या घरातील, पोलीस किंवा सैन्य भरतीची तयारी करणारा मुलगा तालुक्याच्या गावाहून प्रथिनांच्या भुकटीचा डबा घेऊन येतो. एका किलोच्या अशा डब्यास कित्येकदा अर्ध्या क्विंटल सोयाबीनची किंमत पडते. डब्याच्या पाठीवरील बारीक अक्षरे वाचली असता असे दिसून येते की, ती भुकटी एक तर सोयाबीन वा वाटाण्यापासून काढलेली आहे, नाही तर दुधापासून.

अशा वेळी ग्रामपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यास घरातील वडीलधारी मंडळी विचारतात की, या दोहोंपैकी चांगली भुकटी कोणती ? प्रश्न रास्त आहे. मात्र त्याचे उत्तर भुकटी वनस्पतीची की जनावराची, एवढ्यावरून देता येत नाही. ती कोण खाणार, कोणत्या धान्याबरोबर खाणार, ती तयार करताना पुरेशी उष्णता दिली गेली आहे की नाही, आणि तिच्यातील प्रत्येक ग्रॅम प्रथिनास काय दाम पडतो, या चार गोष्टी पाहिल्यावाचून निवड करणे म्हणजे बियाणे न पाहता पिशवी पाहून पेरणी करण्यासारखे आहे.

प्रथिनांची प्रत

शरीराची वाढ होण्यास आणि रोजची झीज भरून निघण्यास प्रथिने लागतात. प्रथिने ही सुमारे वीस प्रकारच्या ॲमिनो आम्लांची बनलेली असतात. यांपैकी नऊ आम्ले शरीरास स्वतः तयार करता येत नाहीत. ती अन्नातूनच मिळावी लागतात. या नवांपैकी एक जरी कमी पडले तरी बाकीच्यांचा पूर्ण उपयोग होत नाही. औताच्या जोडीतील एक बैल थकला म्हणजे दुसरा कितीही धडधाकट असला तरी नांगर तेथेच थांबतो, तसेच हे आहे.

ज्वारी, बाजरी, गहू व तांदूळ या धान्यांत लायसिन नावाचे आम्ल कमी असते. डाळींत व कडधान्यांत लायसिन भरपूर असते, पण गंधकयुक्त आम्ले, विशेषतः मेथिओनिन, कमी असतात आणि ती धान्यांत बऱ्यापैकी असतात. म्हणून भाकरीबरोबर पिठले, भाताबरोबर वरण, किंवा तांदूळ व मूग एकत्र शिजवलेली खिचडी यांचे प्रथिन एकट्या धान्याच्या किंवा एकट्या डाळीच्या प्रथिनापेक्षा सरस ठरते. दुधात व अंड्यात ही सर्व आम्ले योग्य प्रमाणात असतात. वनस्पतींमध्ये सोयाबीनचे प्रथिन दुधाच्या प्रथिनाच्या अगदी जवळ जाते. त्यात उणीव असलीच तर ती मेथिओनिनची आणि ती धान्याने भरून निघते. भाकरी किंवा पोळी खाणाऱ्या माणसाच्या ताटात, सोयाबीन व दूध यांच्या प्रथिनांत कागदावर दिसणारा फरक फारसा उरत नाही. केवळ भुकटी पाण्यात कालवून पिणाऱ्याच्या बाबतीत तो अधिक उरतो.

दुधाच्या भुकट्या

गाईच्या दुधात शंभर भागांत सुमारे ३·२ भाग प्रथिने असतात. म्हशीच्या दुधात हे प्रमाण बहुधा चाराच्या आसपास असते. या प्रथिनांचा सुमारे पाच भागांपैकी चार भाग केसीन हा असतो व एक भाग व्हे हा असतो. केसीन पोटात साकळते व सावकाश पचते. व्हे लवकर पचते आणि स्नायूंच्या वाढीस चालना देणारे ल्युसिन हे आम्ल त्यात विशेष असते, म्हणून व्यायाम करणाऱ्यांसाठी विकल्या जाणाऱ्या महाग भुकट्या बहुतेक व्हेच्या असतात.

मलई काढून घेतलेल्या दुधाची भुकटी ही त्यांच्या मानाने साधी व स्वस्त वस्तू होय. तिच्यात शेकडा सुमारे ३५ भाग प्रथिने आणि सुमारे ५० भाग दुग्धशर्करा असते. महाराष्ट्रास ती नवी नाही. मुंबई शहरास दूध अपुरे पडत असताना दारा खुरोडी यांनी १९४६ साली म्हशीच्या दाट दुधात मलईविरहित भुकटी व पाणी मिसळून टोन्ड दूध तयार करण्याची पद्धत सुरू केली. त्या वेळी ही भुकटी परदेशातून येत असे. म्हशीच्या दुधाची भुकटी होऊ शकत नाही, असे परदेशी तज्ज्ञ सांगत असत. आणंद येथील सहकारी दूध संघात ह. मो. दलाया यांनी ती करून दाखविली आणि १९५५ च्या ऑक्टोबर महिन्यात तेथील भुकटी कारखान्याचे उद्घाटन झाले. आज दुधाचा पुरवठा वाढला म्हणजे राज्यातील संघही जादा दूध वाळवून ठेवतात. भुकटीचे भाव पडले की त्याची झळ उत्पादकाच्या खरेदीदरास लागते, हे दूध घालणाऱ्यांस निराळे सांगावयास नको.

या भुकटीसंबंधी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. मलईबरोबर दुधातील अ जीवनसत्त्वही निघून जाते. आणि चहासाठी म्हणून मिळणाऱ्या पांढऱ्या भुकटीत बहुधा साखर मिसळलेली असते. तिला प्रथिनांची भुकटी समजून लहान मुलास देणे चुकीचे आहे.

पनीर किंवा चक्का करताना सुटणारे हिरवट पिवळे पाणी म्हणजेच व्हे ना, मग ते आटवून घरीच भुकटी का करू नये, असे काही उद्योगी गृहिणी विचारतात. कल्पना चांगली आहे, पण ती साधत नाही. पनीर करताना दूध उकळलेले असते. उष्णतेमुळे व्हे प्रथिनांचा मोठा भाग केसीनला चिकटून पनीरमध्येच राहतो. मागे उरलेल्या पाण्यात प्रथिन शेकडा अर्ध्या भागाहूनही कमी व दुग्धशर्करा सुमारे पाच भाग असते. कारखान्यातील व्हे हे चीजच्या धंद्यातून येते. तेथे दूध न उकळता ते विशिष्ट पाचकरसाने साकळवितात, त्यामुळे व्हे प्रथिने पाण्यात शाबूत उतरतात व ती अतिसूक्ष्म गाळण्यांतून गाळून घट्ट करता येतात. घरच्या पनीरचे पाणी मात्र फेकून देऊ नये. त्यात क्षार व ब गटातील जीवनसत्त्वे असतात. कणीक मळण्यास अथवा आमटीत ते घालावे.

वनस्पतींच्या भुकट्या

भारतात वनस्पतिजन्य प्रथिनांच्या पिठाचा पहिला मोठा प्रयत्न सोयाबीनचा नव्हता, भुईमुगाचा होता. मैसूर येथे १९५० साली स्थापन झालेल्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने तेल काढून घेतलेल्या शेंगदाण्याचे पीठ पाऊण भाग व हरभऱ्याच्या डाळीचे पीठ पाव भाग असे मिश्रण तयार केले व त्यात जीवनसत्त्वे व चुना घातला. त्यात शेकडा चाळीसच्या वर प्रथिने होती. या मिश्रणातील दोन्ही द्रव्ये महाराष्ट्रातील बहुतेक घरांच्या फडताळात असतात. डाळे व शेंगदाणे यांचा गूळ घालून केलेला लाडू हा त्याच जातीचा पदार्थ आहे, फक्त त्यातील तेल काढलेले नसते.

शेंगदाण्याच्या पिठास पुढे एक अनपेक्षित अडथळा आला. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाच्यावर टर्की पक्षी अल्पकाळात मेले. शोधाअंती असे आढळले की, त्यांच्या खाद्यातील, ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीवर बुरशी वाढली होती आणि त्या बुरशीने एक जहाल विष निर्माण केले होते. त्यास अफलाटॉक्सिन असे नाव पडले. ते यकृतास घातक असून शिजविण्याने किंवा भाजण्याने नाहीसे होत नाही. काढणीच्या वेळी पाऊस लागलेल्या, नीट न वाळलेल्या शेंगांत ही बुरशी सहज वाढते. म्हणून कूट करण्याआधी सुरकुतलेले, काळे पडलेले व कडवट लागणारे दाणे निवडून टाकावेत. ही अंधश्रद्धा नव्हे. घरोघरच्या म्हाताऱ्या बायका पूर्वीपासून दाणे निवडीत आल्या आहेत ते योग्यच आहे.

सोयाबीनच्या दाण्यात शेकडा ३६ ते ४२ भाग प्रथिने व १८ ते २० भाग तेल असते. तेल काढल्यावर उरलेल्या, माणसाच्या खाण्यासाठी स्वतंत्र शुद्ध केलेल्या पिठात सुमारे ५० भाग, शर्करा धुऊन काढलेल्या पिठात ६५ ते ७० भाग आणि डब्यात विकल्या जाणाऱ्या अतिशुद्ध भुकटीत सुमारे ९० भाग प्रथिने येतात. शुद्धतेची प्रत्येक पायरी चढताना किंमत वाढते, पण खाणाऱ्याचा लाभ त्याच प्रमाणात वाढतोच असे नाही. किराणा दुकानातील सोयाबीनच्या वड्या या तेलविरहित पिठाच्याच असतात. त्या करताना पिठास दाब व उष्णता दिलेली असते, त्यांत निम्म्याच्या आसपास प्रथिने असतात आणि पन्नास ग्रॅम वड्यांची भाजी घरात सर्वांस परवडते. जनावरांसाठी आणलेली सोयाबीनची पेंड मात्र माणसाने खाण्याची नव्हे. ती तशा स्वच्छतेने तयार झालेली नसते.

वनस्पतींच्या भुकट्यांत एक उणीव राहते. ब-१२ हे जीवनसत्त्व त्यांत नसते. ते दूध, अंडी, मांस व मासे यांतूनच मिळते. कॅल्शियमही दुधाइतके मिळत नाही. शाकाहारी घरात दुधाचे महत्त्व प्रथिनांपेक्षा या दोहोंसाठी अधिक आहे. उलट ज्यांना दूध पचत नाही, प्याल्यावर पोट फुगते अथवा ढाळ होतात, त्यांच्या आतड्यांत दुग्धशर्करा फोडणारा पाचकरस कमी झालेला असतो. प्रौढ माणसांत असे पुष्कळ असतात. त्यांना मलईविरहित भुकटी अधिकच बाधते. दही व ताक मात्र बहुतेकांना चालते.

डब्यावरील आकडा

प्रयोगशाळेत प्रथिने मोजण्याची सर्वांत रूढ रीत डेन्मार्कमधील केल्डाल या रसायनशास्त्रज्ञाने १८८३ साली घालून दिली. तीत प्रथिने प्रत्यक्ष मोजली जात नाहीत. पदार्थातील नायट्रोजन मोजतात व त्यास ६·२५ सारख्या ठरावीक आकड्याने गुणतात. नायट्रोजन कोठून आला, हे ती रीत सांगू शकत नाही. या उणिवेचा गैरफायदा किती भयंकर असू शकतो हे चीनमध्ये २००८ साली दिसले. पाणी घातलेल्या दुधातील प्रथिनांचे प्रमाण जास्त दिसावे म्हणून त्यात मेलामाइन हे प्लास्टिकच्या धंद्यातील, नायट्रोजनने भरलेले रसायन मिसळण्यात आले. त्या दुधाची भुकटी तान्ह्या मुलांना पाजली गेली. सुमारे तीन लाख मुलांना मूत्रपिंडाचे विकार जडले व सहा मुले दगावली.

आपल्याकडेही गाफील राहण्यासारखी स्थिती नाही. केरळातील डॉक्टरांनी भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रथिन-भुकट्या तपासून २०२४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी सुमारे शेकडा ७० भुकट्यांच्या डब्यांवरील प्रथिनांची माहिती बरोबर नव्हती. काहींत वर उल्लेखिलेले बुरशीचे विषही सापडले.

तेव्हा डबा घ्यावयाचाच असेल तर त्यावरील अन्नसुरक्षा परवान्याचा चौदा अंकी क्रमांक पाहावा, मोहोर शाबूत असल्याची खात्री करावी व पक्की पावती घ्यावी. ‘एका चमच्यात इतके प्रथिन’ हा मोठ्या अक्षरांतील आकडा सोडून द्यावा व ‘१०० ग्रॅममध्ये’ हा आकडा शोधावा. घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. त्यांत पहिली किंवा दुसरी साखर अथवा माल्टोडेक्स्ट्रिन आढळल्यास ती प्रथिनांची भुकटी नसून गोड पीठ आहे असे समजावे.

दामाचा हिशेब

शंभर ग्रॅम प्रथिनास काय पडते, हे काढणे अवघड नाही. २०२४-२५ च्या हंगामासाठी सोयाबीनची किमान आधारभूत किंमत क्विंटलला ४,८९२ रुपये होती; अनेक बाजारांत शेतकऱ्यास त्याहूनही कमी भाव मिळाला हा भाग निराळा. त्या किमतीने एका किलोस ४९ रुपये पडतात व त्यात सुमारे ३८० ग्रॅम प्रथिने असतात. म्हणजे १०० ग्रॅम प्रथिनास सुमारे १३ रुपये. हरभऱ्याची २०२५-२६ च्या विपणन हंगामासाठी जाहीर झालेली किंमत ५,६५० रुपये होती. त्या हिशेबाने १०० ग्रॅम प्रथिनास सुमारे २९ रुपये पडतात. गाईच्या दुधास उत्पादकाला समजा लिटरमागे ३० रुपये मिळाले, तर दुधातील १०० ग्रॅम प्रथिनाची किंमत ९४ रुपयांच्या घरात जाते. पण त्याबरोबर स्निग्धांश, कॅल्शियम व ब-१२ ही येतात. एखादा व्हेचा डबा समजा किलोस २,४०० रुपयांचा आहे व त्यात शेकडा ७५ भाग प्रथिने आहेत, तर १०० ग्रॅम प्रथिनास ३२० रुपये द्यावे लागतात. हेच प्रथिन तेराच्या ठिकाणी तीनशेवीस रुपयांनी घेण्यास काही सबळ कारण असावयास हवे.

भरतीची तयारी करणारा तरुण

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० साली ठरविलेल्या प्रमाणाप्रमाणे प्रौढ माणसास शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ०·८३ ग्रॅम प्रथिने लागतात. साठ किलो वजनाच्या माणसास हे प्रमाण ५० ग्रॅम होते. कष्टाचा व्यायाम करणाऱ्या खेळाडूस साधारणतः किलोमागे १·२ ते २ ग्रॅम द्यावे असे क्रीडा-आहारशास्त्र सांगते. साठ किलोच्या तरुणास मधले प्रमाण धरल्यास सुमारे ९० ग्रॅम होतात.

आता त्याच्या घरच्या अन्नातून काय मिळते ते पाहावे. चारशे ग्रॅम ज्वारी व गव्हाच्या पिठातून सुमारे ४२ ग्रॅम, ऐंशी ग्रॅम डाळ व उसळीतून १८ ग्रॅम, अर्धा लिटर दुधातून १६ ग्रॅम आणि मूठभर, म्हणजे तीस ग्रॅम शेंगदाण्यांतून ७ ग्रॅम. बेरीज ८३ होते. त्यात पंचवीस ग्रॅम सोयाबीनच्या वड्या घातल्या की ९५ च्या वर जाते. दोन अंडी खाणाऱ्यास आणखी बारा-तेरा ग्रॅम मिळतात. कोल्हापूरच्या तालमींतून पिढ्यान् पिढ्या पैलवान तयार झाले ते दूध, तूप, थंडाई व भरपूर जेवण यांवर, आणि त्यामागे हाच हिशेब होता.

या हिशेबात अर्धा लिटर दूध धरले आहे हे मात्र विसरू नये. जेथे सर्व दूध केंद्रावर जाते व घरात काळा चहा होतो, तेथे बेरीज ६७ वर थांबते. अशा मुलास डबा विकत घेऊन देण्यापूर्वी अर्धा लिटर दूध घरी ठेवावे. वसतिगृहात राहणारा, ज्याच्या ताटात डाळ पातळ व दूध नाही असा तरुण असेल, तर त्यास मलईविरहित दुधाची भुकटी रोज तीस-चाळीस ग्रॅम घेणे सोयीचे व त्या मानाने स्वस्त पडते. दूध न पचणाऱ्याने सोयाबीनची भुकटी घ्यावी. स्नायू कमावण्यासाठी प्रथिन-पूरके घेऊ नयेत असाच सल्ला वैद्यक संशोधन परिषद व हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२४ च्या आहार-मार्गदर्शिकेत दिला आहे.

वाळलेले मूल

भुकटीचा दुसरा गिऱ्हाईक म्हणजे न वाढणारे मूल. येथे चूक फार महाग पडते. एकेकाळी जगभर असा समज होता की, गरीब देशांतील मुलांच्या कुपोषणाचे मुख्य कारण प्रथिनांची उणीव होय. म्हणून भुकट्या वाटल्या की काम भागेल. या समजास धक्का देणाऱ्यांत सातारा जिल्ह्यात जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे अग्रणी होते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत त्यांनी दीर्घकाळ काम केले. भारतातील आहाराचे आकडे तपासून त्यांनी १९७० च्या सुमारास दाखवून दिले की, ज्यांना प्रथिने कमी पडतात त्यांपैकी बहुतेकांना मुळात पोटभर अन्नच मिळत नसते. अन्न अपुरे असले म्हणजे शरीर खाल्लेले प्रथिनही सरपणासारखे जाळून टाकते. चार ते सहा वर्षांच्या मुलास रोज सुमारे १६ ग्रॅम प्रथिने पुरतात. एक पेला दूध, थोडे वरण आणि पोळी-भात यांतून ती मिळतात. पण त्याचे पोट लहान असते, दोन वेळच्या जेवणात त्याची भूक भागत नाही. त्यास दिवसातून चार-पाच वेळा, चमचाभर तेल किंवा तूप घातलेले दाट अन्न द्यावे. महागड्या भुकटीचे दोन चमचे पाण्यात कालवून पाजल्याने ही उणीव भरून निघत नाही. उलट भरलेल्या पोटामुळे ते जेवणही कमी करते.

सहा महिन्यांच्या आतील बालकास आईच्या दुधाखेरीज काहीही, कोणतीही भुकटी, देऊ नये. मूल खंगलेले, सुजलेले किंवा वारंवार जुलाब होणारे असल्यास त्यास अंगणवाडी सेविकेकडे व आरोग्य केंद्रात न्यावे. गरोदर स्त्रीस शेवटच्या तिमाहीत रोज सुमारे २२ ग्रॅम अधिक प्रथिने लागतात. तिच्यासाठी दूध, डाळ, अंडे व सोयाबीन मिसळलेली पोळी हा उत्तम मार्ग आहे. पण बहुतेक घरांत ती सर्वांत शेवटी जेवते, व भांड्याच्या तळाशी राहिलेले वरण पातळ असते. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्याने कोणतीही भुकटी वैद्यास विचारल्यावाचून घेऊ नये. थायरॉइडची गोळी चालू असणाऱ्याने गोळी व सोयाबीन एकाच वेळी घेऊ नये, कारण सोयाबीनमुळे गोळी कमी लागू पडते.

घरचे सोयाबीन पीठ

स्वतःच्या शेतातील सोयाबीन खाण्यात आणावयाचे असेल तर एक नियम कटाक्षाने पाळावा लागतो. कच्चे सोयाबीन गिरणीत दळून त्याचे पीठ खाऊ नये. कच्च्या दाण्यात पोटातील प्रथिन-पाचक रसाचे काम अडविणारे द्रव्य असते. ऑस्बोर्न व मेंडेल या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९१७ सालीच दाखविले होते की, कच्च्या सोयाबीनवर उंदीर वाढत नाहीत व शिजविलेल्यावर वाढतात. हे द्रव्य उष्णतेने निकामी होते. वरवर भाजणे विश्वासाचे नाही, कारण दाणा बाहेरून करपतो व आतून कच्चा राहतो. इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेने या द्रव्यातील प्रमुख घटक नसलेला एन. आर. सी. १२७ सारखा वाण काढला आहे. पण बाजारात व घरात असलेले सोयाबीन बहुधा नेहमीच्या वाणांचे असते, त्यामुळे उष्णता दिलीच पाहिजे.

पेरणीतून उरलेले बियाणे यासाठी कधीही वापरू नये. त्यास बुरशीनाशक चोळलेले असते व धुतल्याने ते सर्व जात नाही. खाण्याचे सोयाबीन मळणीच्या वेळीच वेगळे काढावे, चांगले वाळवावे, आणि फुटके, डागी व बुरशी आलेले दाणे निवडून टाकावेत.

एक किलो दाण्यास तीन लिटर पाणी घ्यावे. पाण्यास खळखळून उकळी फुटल्यावरच त्यात दाणे टाकावेत. दाणे आधी थंड पाण्यात भिजवून मग चढविले तर त्यातील एक पाचकरस जागा होतो व पिठास तो कच्चट, उग्र वास येतो, ज्यामुळे घरातील माणसे सोयाबीनला नाके मुरडतात. पुन्हा उकळी आल्यापासून पंचवीस ते तीस मिनिटे उकळावे, पाणी ओतून टाकावे, गार पाण्यात दाणे चोळून साले काढावीत व कडक उन्हात स्वच्छ कपड्यावर दाताने कटकन तुटेपर्यंत वाळवावेत. वाळण्यास दोन-तीन दिवस लागतात. ढगाळ हवेत हे काम हाती घेऊ नये; ओलसर दाण्यास बुरशी लागते व गिरणीची जातीही चिकटतात.

असे तयार झालेले एक भाग सोयाबीन नऊ भाग गव्हात किंवा ज्वारीत मिसळून दळून आणावे. ज्वारीच्या एका किलो पिठात सुमारे १०० ग्रॅम प्रथिने असतात, या मिश्रणात ती १३० ग्रॅमच्या आसपास होतात व ज्वारीतील लायसिनची उणीवही भरून निघते. प्रथम वीस भागांत एक भाग घालून आरंभ करावा व घरच्यांस चव रुळल्यावर प्रमाण वाढवावे. ज्वारीची भाकरी थापताना सोयाबीनमुळे थोडी तुटते, त्यास गरम पाण्याची उकड घ्यावी. धपाटे व थालीपीठ यांत फरक कळतही नाही. रोज दोन किलो पीठ लागणाऱ्या कुटुंबास वर्षाला सुमारे पाऊण क्विंटल सोयाबीन पुरते. म्हणजे विक्रीच्या पोत्यांतून एखादेच पोते घरी राहते.

सोयाबीनमध्ये तेल असल्याने पीठ फार दिवस टिकत नाही. उकळून वाळविलेले दाणे हवाबंद डब्यात महिना-दोन महिने चांगले राहतात. दळण मात्र एका वेळी पंधरा दिवसांपुरतेच करावे आणि उन्हाळ्यात आठ दिवसांपुरते. पिठास खवट वास येऊ लागल्यास ते भाकरीत खपवू नये.